झेमरींचा पांढुर्ण्यात सत्कार

९ नोव्हेंबर १९८६, सौंसर

रघुनाथमामांनी न विचारता माझं व्याख्यान जाहीर केलं! पांढुर्ण्याच्या वाचनालयाचे सचिव ना ते. विषय तेवढा मला निवडू दिला. मी म्हटलं, इद्रिस झेमरी – अल्जीरियाचा, फ्रेंचमध्ये लिहिणारा. मामांनी विचारलं, हे कोणत्या गावचे पाहुणे?

१२ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर टिपणं काढून राहिले. नागपूरला रद्दीत मिळालेलं त्याच्या एका कादंबरीचं इंग्रजी भाषांतर, एवढंच जवळ आहे; माहिती सगळी प्रस्तावनेतली. झेमरी डोंगरातल्या खेड्यातला, बाप न्हावी. शाळा फ्रेंचांची. घरची बोली तोंडातून निघाली की मास्तर उन्हात उभं करत. तरी कादंबऱ्या लिहिल्या त्या फ्रेंचमध्येच. फ्रेंच म्हणत, हा आमचा नाही. स्वातंत्र्यानंतर गाववाले म्हणाले, आमचाही नाही.

त्याच्या आईला त्याची ओळही वाचता येत नसे. एकदा घरी जाऊन त्यानं हीच कादंबरी अख्खी तिला तोंडी सांगितली. ती म्हणाली, शेवट चुकला. पुढच्या आवृत्तीत त्यानं शेवट बदलला!

चहा पार गार झाला माझा.

१५ नोव्हेंबर

वाचनालयाच्या फळ्यावर म्हणे लिहिलंय – 'थोर फ्रेंच साहित्यिक झेमरी व कु. सुधा'. झेमरी वारून कितीतरी वर्षं झाली. उद्या व्याख्यानाला गेल्या गेल्या पुसायला लावते.

१६ नोव्हेंबर

उशीर झाला. वाचनालयाचे अध्यक्ष यशवंतराव हार आणि ब्यांड घेऊन आधीच बसस्टँडवर गेले होते. नागपूरच्या गाडीतून कोट-टाय घातलेला एक माणूस उतरला, त्याच्या गळ्यात हार घातला आणि वाजत-गाजत आणून स्टेजवर बसवला. मी पोचले तर मामा कानात म्हणाले, थोडं फ्रेंच बोलून घे.

मी मराठीतच विचारलं, आपण कोण?

"मी गुणवंता, मोहगावचा. संत्र्याच्या बागेले फवारणीचे पंप विकतो. दोनदा सांगतलं या लोकायले, पण ब्यांड वाजून राहिला होता."

उठलो तर अध्यक्षांची फजिती होईल, म्हणून बिचारा बसून होता. मी माईकवर खरं ते सांगून टाकलं. सगळं सभागृह हसलं. यशवंतराव पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. मग मी झेमरींवर बोलले. गुणवंता हार घालूनच ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं –

"त्याच्या मायनं कोणता शेवट सांगतला?"

मला माहीत नव्हता. माझ्याकडचं भाषांतर जुन्या आवृत्तीवरून केलेलं. तिच्यात मुलगा जहाजात बसून निघून जातो. मी तसं कबूल केलं.  मग ते म्हणाले, "माय सांगत असंन तर पोरगा वापस आला असंन."

एवढं वाचून मला हे का सुचलं नाही?

२५ नोव्हेंबर

गुणवंता सौंसरच्या फेरीवर आले की शाळेच्या फाटकाशी थांबतात. इंग्रजी येत नाही, म्हणून मी कादंबरी तोंडी सांगते. आज जहाजापर्यंत आलो. मी निघायला लागले तर ते म्हणाले, पहिल्यापासून सांगा.

१४ डिसेंबर

गुणवंता घरी आले. आईनं विचारलं, काय काम काढलं? "सुधाबाईले मागणी घालाले आलो." आई माझ्याकडे पाहत राहिली.

मी हो म्हटलं.