आईबद्दल रचलेलं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ

प्रबंधासाठी काळाचौकीच्या गिरणी वस्तीतल्या बारा कष्टकरी बायकांच्या मुलाखती घेतल्या, मग घरातल्याच बाईला, आईला, एक प्रश्नही का विचारला नाही?

गेल्या महिन्यात माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "वाक्यं सुटी पडतायत, एकातून दुसरं निघत नाही." मग मी बसून सांधे जुळवले. आईबद्दल लिहिलं: बाबांची गिरणी बंद पडली, त्यामुळे आईने जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. आज सरांनी नेमक्या त्याच वाक्यापुढे 'उत्तम' लिहून दिलं. घरात इथवर शिकलेली मी पहिलीच. मिरवत आईला वाचून दाखवलं.

कणीक मळता मळता ती हसायलाच लागली. "म्हणजे मी काय गो, गिरणी बंद पडायची वाट बघत बसले होते? लग्नाआधीपासून डबे देतेय. तुझे बाबा आधी माझं गिऱ्हाईक होते!"

मला वर बघवेना. तर तीच म्हणाली, "राहू दे. पुस्तकात असंच लिहितात ना?"

हे जास्त लागलं. ते 'उत्तम' डोळ्यांसमोरून हलत नाही. परिच्छेद नीट वाचला जावा एवढ्यासाठी तिची सगळी मेहनत मी बाबांच्या गिरणीला बांधून टाकली. आणि त्या बाराजणी? त्यांनी सांगितलेलं किती, मी जुळवलेलं किती?

या शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. सरांना लिहिलं की आईबद्दलचं कारण मी मनाने लिहिलं, सगळ्यांना पुन्हा विचारणार आहे, मुदत पाळता येणार नाही. पाठवलंसुद्धा.