आपल्या आळीत जायचं नाय

बाबा, काल मी रोह्याच्या शाळेत पुराच्या मदतीला येणाऱ्या नव्या पोरांना शिकवत होते. तुमचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. प्रश्नही तेच. पोहता आलंच पाहिजे का? जेवण मिळतं का? धाटावच्या कंपनीतल्या एकाने विचारलं, फोटो काढलेले चालतात का? मी म्हटलं, बुडणाऱ्याला विचार. मग मागच्या बाकावरून पेणची एक मुलगी उठली. "मॅडम, आपल्याच घरात पाणी शिरलं तर?"

तुमचा नियम मला पाठ आहे. स्वयंसेवकाने स्वतःच्या आळीत जायचं नाही. आपलं माणूस दिसलं की तो बाकीच्यांना सोडतो. आपल्या आळीत दुसरा जाईल, आपण दुसऱ्याच्या. आई भाकरी थापता थापता हसायची, "म्हंजे मला काढाया परका येनार व्हय?" तुम्ही म्हणायचात, "येनार गो. माझा शब्द हाय."

नाय आला. नागोठण्यात अंबा नदी चढली, तेव्हा आपल्या आळीवर नेमलेला माणूस दोर घेऊन स्वतःच्या म्हातारीकडे पळाला. मी माळ्यावर पालथी पडून आईचा हात धरून होते. ती ओरडत होती, "सोड गो, तूपन पडशील." मी सोडला नाही, सुटला. तुम्ही तेव्हा पलीकडच्या आळीतल्या कुणाच्या आजोबांना खांद्यावर घेऊन चालला होतात. लोकांनी त्याबद्दल तुम्हाला हार घातला, आणि तुम्ही तो घालून घेतलात! तेराव्याच्या पंगतीत मी विचारलं, तुम्ही का नाय आलात? पान पुढ्यात ओढत म्हणालात, "मी माझं काम केलं. चूक त्याची हाय." आणि भात कालवलात. जळलं मेलं ते काम. तुम्ही गेलात तेव्हा गाव रडलं, मी नाही.

काल त्या मुलीला मी तुमच्याच आवाजात सांगितलं, "आपल्या आळीत जायचं नाय." ती म्हणाली, "आई एकटी असते माझी. मग नको मला." दिलेलं लाइफ जॅकेट बाकावर ठेवलं आणि निघाली. पोरं फिदीफिदी हसली. मी पुढे शिकवत राहिले, कारण नियम बरोबर आहे, बाबा, आणि त्याचाच मला संताप येतो.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. ती जिना उतरत होती तेव्हा मी तिची पावलं ऐकत होते, आणि वाटलं, तुम्ही एकदा तरी असं सगळं टाकून घरी यायला हवं होतं.