कॅमेऱ्यात नुसतं काळं दिसत होतं

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद मीच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायची. आता हा कागद तुम्हाला वाचून दाखवणारं कुणी नाही, हे ठाऊक असूनही लिहायला बसले आहे. परवा माझा पेपर झाला. त्याआधीच्या अर्ध्या तासात मला जे कळलं, ते तुम्हाला सोडून कुणाला सांगू?

तुमचा मुलगा गेल्यावर माझ्या माहेरचे मला न्यायला आले होते, तो दिवस आठवतो का? तुम्ही माझी पिशवी उचलून आत ठेवली आणि माझ्या बापाला म्हणालात, "माही सून शिकलेली हाय. थे शिकन अजून. लोकाच्या वावरात निंदाले मी जातो." सून म्हणून मी तुमच्याकडे दहा वर्षं राहिले होते. त्या दिवसापासून लेक झाले.

टिकलीचंही तसंच. मी कपाळ पुसलं होतं. बाजारातून तुम्हीच काळ्या टिकल्यांचं पाकीट आणलंत. "लेक माहा गेला. तुहं कपाळ कुठं गेलं?" एवढंच म्हणालात. तेव्हापासून मी रोज टिकली लावते.

दवाखान्यातल्या नोंदी ठेवायचा तो घरबसल्याचा कोर्स मी केला, तो तुमच्या जोरावर. यवतमाळच्या एका दवाखान्यात काम मिळणार होतं, फक्त शेवटचा पेपर पास व्हायचा होता. पेपर घरीच, लॅपटॉपवर. मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं, की लॅपटॉपच्या वर जो बारीक कॅमेरा आहे, त्यातून ते मला पाहत राहतील. खोलीत दुसरं कुणी दिसलं की पेपर बंद.

पोळ्यानंतरचा तो दिवस. तुम्ही मजुरी बुडवून उंबऱ्यावर बसलात. शेजारच्या बाया बोलत आल्या, त्यांना हातानंच परत लावलंत. चाळीस मिनिटं तुम्ही कुणाला आत येऊ दिलं नाही. मग लाईन गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण पंखा थांबला. मला घामाच्या धारा लागल्या. तुम्ही दारातून पाहत होतात. तुमच्यानं राहवलं नाही. स्वयंपाकघरातून सूप घेऊन तुम्ही चपला काढून, पाय न वाजवता आत आलात आणि माझ्या मागं उभ्या राहून वारा घालू लागलात.

मला तो वारा बरा वाटला, आत्याबाई. खरं सांगते. एक क्षणभर फार बरा वाटला. मग पडद्यावर लाल अक्षरं आली, दुसरी व्यक्ती दिसल्यामुळे परीक्षा रद्द.

त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहिण्याचं माझं धाडस नाही. तुम्ही सूप हातात घेऊन तशाच उभ्या होतात. हळूच विचारलंत, "तो डोळा अजून पाहून राह्यला काय मले?" मी लॅपटॉप आपटून बंद केला.

पुढचे एकोणीस दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. जेवा. हो. नाही. तुम्ही त्या टेबलासमोरून जायचं सोडून दिलंत. भिंतीला लागून, पदर तोंडावर ओढून पलीकडे जायचात. लॅपटॉप बंद होता तरी. मला दिसत होतं. मी एकदाही म्हटलं नाही, की तो आता पाहत नाही, या सरळ.

त्याच दिवसांत मी परीक्षा घेणाऱ्यांना एक अर्ज केला. लाईन गेली, म्हातारी सासू वारा घालायला आली, असं जसं घडलं तसं लिहिलं. अठराव्या दिवशी संध्याकाळी मेल आला. आणखी एक संधी, शेवटची. मी तो दोनदा वाचला आणि तुम्हाला सांगितला नाही. माझा राग अजून उतरला नव्हता. तुम्हाला अजून दोन दिवस झुरू द्यावं, असं माझ्या मनात होतं. असं मन माझं होतं, आत्याबाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीन सोंगायला निघताना तुम्ही विळा कमरेला खोचून दारात थांबलात. "वैशू, पेपर पुन्हा होते काय वं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मान वर न करता.

दुपारी माणसं तुम्हाला बैलगाडीतून घेऊन आली. बांधावर पाणी प्यायला बसल्या आणि आडव्या झाल्या, म्हणाले. राळेगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

परवा तो पेपर होता. दहा ते साडेदहाच्या आत लॅपटॉपवर चेहरा दाखवून आत शिरायचं, नाहीतर दार बंद. मी दहाला पाच कमी असतानाच बसले. माझा चेहरा दिसायला हवा त्या चौकटीत नुसतं काळं होतं. खाली लाल अक्षरांत, चेहरा दिसत नाही.

कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा मात्र लागलेला. म्हणजे कॅमेरा चालू आहे. मग काळं का? मी खिडकी उघडली, दार उघडलं, उजेड केला. काळंच. ते पान बंद करून पुन्हा उघडलं, कॅमेरा वापरायची परवानगी विचारली तिथं हो म्हटलं. काळंच. लॅपटॉप बंद करून चालू केला. जुना लॅपटॉप, चालू व्हायला सात मिनिटं घेतो. ती सात मिनिटं मी टेबलाची कड धरून उभी होते. चालू झाला. काळंच.

मोबाईलवर पेपर देता येत नाही, तो नियमच. मदतीच्या नंबरवर नुसती धून वाजत होती. राळेगावची एसटी नऊला गेलेली, पुढची बाराला. शेवटी ज्यांच्याकडून लॅपटॉप घेतला त्या राळेगावच्या प्रकाशभाऊंना फोन लावला.

"घाबरू नका ताई," ते म्हणाले, "सेटिंग उघडा." त्यांनी सांगितलं तसं मी करत गेले. कॅमेऱ्याचं नाव शोधलं, काढून टाकलं, पुन्हा बसवलं. व्हायरससाठीचं जे होतं ते बंद केलं. वरच्या रांगेतलं कॅमेऱ्याचं चित्र असलेलं बटण दाबून पाहिलं. घड्याळात दहा वाजून तेवीस मिनिटं. माझी बोटं चुकीच्या बटणांवर पडत होती. मी फोनवर रडायला लागले. "भाऊ, माह्या सासूनं जन्मभर निंदण केलं याच्यासाठी. आता मले हे नाही जमलं तं मी काय करू?"

ते म्हणाले, "दिवा लागते म्हणता, अन् दिसते काळं. ताई, काचेवर काही बसलं तं नाही ना? बोट फिरवून पाहा बरं."

मी बोट फिरवलं. पडद्याभोवतीच्या काळ्या पट्टीवर काळं, नजरेला दिसत नव्हतं, पण बोटाला लागलं. नखानं उचकटलं तर हातात आली एक टिकली. माझ्याच पाकिटातली, सगळ्यात बारीक.

घरात आपण दोघीच. आणि मी ती लावली नव्हती.

कधी लावलीत, आत्याबाई? मी पाण्याला गेले तेव्हा? तुमची नजर अधू, सुईत दोरा ओवायला मला हाक मारायचात, तो एवढासा डोळा तुम्ही कसा शोधलात? मला एवढंच कळतं, की तुम्हाला वाटलं, तो बंद राहिला तर तुमच्यामुळे माझं पुन्हा काही मोडणार नाही. मला का नाही विचारलंत? पण विचारणार कशा, मी तोंड कुठं उघडलं होतं?

साडेदहाला दोन मिनिटं असताना मी आत शिरले. काचेवर डिंक राहिला होता, चेहरा धुक्यात असल्यासारखा दिसत होता. पदरानं डिंक पुसला. दोन तास पेपर लिहिला. डोळे पुसायला हात वर नेला की सूचना यायची, चेहरा झाकू नका. म्हणून तसंच वाहू दिलं. उत्तरं बरी आलीत. निकाल महिन्याभरात येईल. तो कसाही आला तरी त्या सकाळचं माझं "माहीत नाही" खोडता येणार नाही. ज्या गोष्टीसाठी तुम्ही पाच वर्षं वाकून राहिलात, ती आपण आपल्या हातानं बुडवली असं समजून तुम्ही शेतात गेलात. एक शब्द माझ्याजवळ होता आणि मी तो दाबून ठेवला.

तेरवीला तुमची धाकटी बहीण, बोरी अरबची शांतामावशी, मला पोटाशी धरून म्हणाली, "माही बहीण सुखानं गेली. अशी सून कोणाले भेटते?" सगळ्या बाया ऐकत होत्या. मी मान हलवली.

येत्या रविवारी मी बोरी अरबला जाणार आहे. मावशीसमोर बसून सगळं सांगेन, रद्द झालेला पेपर, मी बोलले ते शब्द, एकोणीस दिवस, आणि हातात मेल असताना दिलेलं ते उत्तर. ती मला जवळ घेईल की दारातून परत लावेल, ठाऊक नाही. पण ते सांगितल्याशिवाय मी परतीच्या एसटीत बसणार नाही, हा तुम्हाला माझा शब्द.

तुमची,
वैशू