आडनावासकट

३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून बाबांचा जीव भांड्यात पडला. माझी बातमी अशी की ती जाडजूड जुनी कादंबरी अखेर आपल्या भाषेत उतरली.

सगळ्यात घाम फोडला तो आडनावांनी. लेखकाने एकही आडनाव उगाच दिलेलं नाही. जमीनदाराच्या आडनावाचा अर्थ उंच टेकडी, त्याच्या वकिलाचं म्हणजे गुळगुळीत गोटा आणि घरच्या मोलकरणीचं म्हणजे चुलीची काजळी. त्या काळच्या वाचकाला आडनाव ऐकूनच कळायचं, कोणाला खुर्ची द्यायची आणि कोणाला दारात उभं ठेवायचं. आपल्यालाही कळावं म्हणून मी ते अर्थ ओघातच गुंफलेत.

संपादकांना अनुवाद फार आवडला. मग चहा मागवून ते हळूच म्हणाले की मुखपृष्ठावर माझं नुसतं नाव घालू. घरोघरची राख उचलणारे, असा अर्थ निघणारं आडनाव एवढ्या भारदस्त पुस्तकावर शोभत नाही. बोलले गोडच, पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. एवढी मोठी प्रकाशनसंस्था, आणि माझं पहिलंच पुस्तक. बाबा शिलाईचं मशीन न थांबवता म्हणाले, तुला सोयीचं ते कर. तू काय म्हणतेस?

तुझी लाडकी (अजून असेन तर),
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले तेव्हा छातीवरची पाटी वाचून तरुण डॉक्टर एकमेकांकडे बघून हसायचे. मी पाटी काढली नाही. आज पेशंटचं रक्त थांबेना झालं की तेच डॉक्टर त्याच आडनावाने मला हाका मारत सुटतात, तेव्हा कोणाला राखबीख आठवत नाही. लग्नात ते बदलायची आयती संधी होती. तुझ्या आतोबांना म्हटलं, हवं तर तुम्ही बदला. बिचारे आजतागायत विचार करताहेत.

पण हे झालं माझं. आमच्या मानासाठी हट्ट धरू नकोस आणि भीतीपोटी मानही डोलावू नकोस. तुझ्या बापाने मशीन थांबवलं नाही म्हणजे त्याला लागलंय, एवढं मी त्याला ओळखते. आणि काय गं, त्या मोलकरणीचं पुढे काय होतं? ते लिहायचं राहिलंच की.

घरातल्या सर्वांना माझी आठवण सांग. जेवत जा.

तुझी,
आत्या


२ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू बरोबर वर्मावर बोट ठेवलंस. कादंबरीभर मोलकरणीला सगळे एकेरी नावाने पुकारतात. शेवटी जमीनदाराचा मुलगा घोडेवाल्याला मरेस्तोवर मारतो, त्या खटल्यात ती साक्षीला उभी राहते. तिला पूर्ण नाव विचारतात. ती आडनावासकट सांगते. बडे लोक खो खो हसतात. हसणं संपेपर्यंत ती थांबते आणि मग साक्ष पुरी करते.

ते पान मी संपादकांना वाचून दाखवलं. म्हटलं, हे लिहिणारीच आपलं आडनाव लपवू लागली तर वाचक मला हसतील, आणि ते रास्तच असेल.  संपादक म्हणाले, विक्रीवाल्यांना पटायचं नाही. मी बाड उचललं. पुढे कोणाकडे जायचं ते माहीत नव्हतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

आठवडाभर वणवण केली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत छापखाना चालवणाऱ्या एका बाई आहेत, त्यांनी पुस्तक घेतलं. कागद पातळ असेल, प्रती थोड्या निघतील. आडनाव मात्र नावाएवढ्याच ठळक टायपात घालू म्हणाल्या. ऐकून बाबांनी मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केलं.

तुझा लोभ आटू देऊ नकोस.

भिंगरी


१९ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. दुपारी औषधं देऊन झाली की वॉर्डातल्या बायका माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. टेकडीवाल्यांना तर त्या मनापासून शिव्या घालतात.

काल साक्षीच्या पानावर पोचलो. बडे लोक हसतात तिथे आमच्याकडे कोणी हसलं नाही. खिडकीजवळच्या खाटेवर घरोघरी भांडी घासणारी एक बाई आहे, पोटाचं ऑपरेशन झालेली. तिने मला थांबवून त्या मोलकरणीचं पूर्ण नाव पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. मग तिने स्वतःचं सांगितलं, आडनावासकट. केसपेपरवर तिने ते घालू दिलं नव्हतं.

मी पेन काढलं आणि लिहून घेतलं.

माया आहेच, ती अशीच वाढत राहो.

तुझी,
आत्या