तेरवीच्या सतरंज्या

४ मार्च

धुळवड. रंग लावायला कुणी आलं नाही, वयाचा फायदा. दुपारी नेरहून अरुणचा फोन. धाकटा भाऊ सणाला फोन करतोच, पण आज आवाज सणाचा नव्हता.

"ताई, बिछायत इकून टाकतो म्हणतो. उमरखेडचा एक शेठ समदा माल एकहाती घेऊन राह्यला."

आमच्या वडिलांचं, आबांचं बिछायत केंद्र. मांडव, सतरंज्या, स्वयंपाकाचे गंज, कढया. लग्न असो की तेरवी, नेरच्या किती पंगती आमच्या सतरंज्यांवर बसल्या नि उठल्या. विचारलं, काहून विकतो? म्हणे, पेटीत काही उरतच नाही, यंदा तर तोटाच आहे. आबांनंतर दुकान दोघांच्या नावावर, म्हणून माझीही सही हवी. शेठला ३१ तारखेला उत्तर द्यायचंय.

मागून त्याच्या मुलीचा, मयूरीचा आवाज: "आत्या, सही नको करू! तोटा नाहीये. बाबांचं लिहिणंच उलटं आहे."

फोन कट. कुणी केला ते कळलं नाही.

८ मार्च

यवतमाळहून स. ८ ची बस. नेरला उतरलं की पाय अजूनही घराकडे न जाता आधी दुकानाकडे वळतात.

लहानपणी परत आलेल्या सतरंज्या झटकायचं काम माझं नि अरुणचं. आतून अक्षता पडत, सुपाऱ्या, एकदा चांदीचं जोडवं. आईने ते पदराच्या गाठीत बांधलं नि त्याच संध्याकाळी नवरीच्या घरी देऊन आली. तेरवीच्या सतरंज्यांतून काही पडत नसे. त्या आम्ही न बोलता झटकायचो. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

मयूरी दोन वर्षं लोहाऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघत होती. आता नोकरी सोडून आली आहे, तिला दुकानच चालवायचंय. बाप-लेकीचं भांडण ऐकण्यासारखं होतं.

अरुण पैसा हातात येतो त्या दिवशी लिहितो, जातो त्या दिवशी लिहितो. आबाही तसंच करत. मयूरी म्हणते, काम झालं त्या दिवशी लिहायचं, पैसा केव्हाही येवो. माघातली लग्नं लागून गेली, पण लोक भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून बसलेत. तो विकल्यावर मांडवाचं भाडं देणार, म्हणून ते पैसे अरुणच्या लेखी नाहीतच. उलट नवे पाईप नि मांडवाचं कापड रोखीने घेतलं, तो सगळा खर्च एकाच वर्षाच्या डोक्यावर.

"पाईप दहा वर्षं चालतील ना बाबा?"

"चालतील. पैसा तं एका दिवसातच गेला."

"आणि वैशाखातल्या लग्नांचा इसार तुम्ही आताच जमा केला. मांडव पडायचाय अजून. तो पैसा आपला कसा?"

"पेटीत हाये म्हणून आपला."

"म्हणजे केलेल्या कामाचा पैसा आपला नाही आणि न केलेल्या कामाचा आपला!"

अरुण माझ्याकडे वळला. "पाह्य ताई, कशी बोलून राह्यली. मी जो पैसा डोळ्यानं पाह्यला नाही तो माहा कायचा?"

मयूरीने नावं सांगितली, रोख पद्धत आणि उपार्जित पद्धत. अरुण म्हणाला, दुसरं नाव औषधाचं वाटते.

मला वर्तमानपत्राच्या डेस्कवरची आठवण झाली, नोकरीतली. उमरखेडच्या वार्ताहराचं पाकीट एस.टी.ने येई, कधी दोन दिवस उशिरा. तरी बातमीवर तारीख घडल्या दिवसाचीच, पाकीट उघडल्याची नाही. हे बोलले. मयूरी टाळी देणार होती. बापाकडे बघून हात खाली घेतला.

१५ मार्च

मयूरीने वर्षाचं सगळं काम संगणकावर चढवलं. कोणत्या दिवशी कुणाकडे माल गेला ते अरुणच्या डायऱ्यांत होतंच. तिच्या पद्धतीने नफा निघतो, नि बऱ्यापैकी.

अरुण फोनवर जरा नरमला. "पोरगी म्हणते तं असंन. शेठले थांबवतो." मग हळूच, "आबाले आवडलं असतं का गं, पोरीनं चालवलेलं?"

खूप आवडलं असतं. पण मी फक्त हो म्हटलं. अरुणला जास्त बोललेलं झेपत नाही.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला. मग नेरची बातमी. तीही तशीच कडू.

मयूरीने पैसे थकलेल्या सगळ्यांना मोबाईलवर बिलं पाठवली. त्यांत मागच्या आळीतल्या इंदूबाईंचा मुलगा. त्याच्या वडिलांची तेरवी होऊन पंधरवडाही झाला नसेल. 'आपले बिल बाकी आहे, कृपया त्वरित भरावे.'

मयत नि तेरवीच्या मालाचं आबा भाडं सांगत नसत, मागत नसत. माणसं आपणहून येत. कुणी महिन्याने, कुणी वर्षश्राद्धानंतर, देतील ते घ्यायचं. गंज परत करतानाही कुणी रिकामा आणत नसे. तळाशी मूठभर तुरीची डाळ, नाहीतर ज्वारी. मयूरीला हे कुणी सांगितलंच नाही. घरातली रीत घरातल्यांना ठाऊक असणारच, असं आम्ही धरून चाललो.

मुलगा काल संध्याकाळी आला. रकमेतला रुपया न् रुपया मोजून दिला, पावती मागितली. गंज ठेवला. आत काही नव्हतं.

अरुण म्हणतो, "ताई, मले तोंड वर करता नाही आलं."

२२ मार्च

पुन्हा नेर. मयूरी इंदूबाईंकडे जाऊन आली होती. एकटी गेली. चहा झाला म्हणे. इंदूबाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "आमी देलंच असतं पोरी. पण आमच्या मनानं."

मयूरी पैसे परत द्यायला गेली होती. ते मात्र घेतले नाहीत. "आता पावती झाली ना," म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर तिने कागद माझ्यापुढे ठेवला. नफ्यातून मयत-तेरवीचं भाडं काढून टाकलं की धंदा जेमतेम काठाला लागतो. आमच्याकडे लग्नांना आता लॉन आले, मंगल कार्यालयं आली. सतरंज्या जास्त जातात त्या दुःखाच्या घरीच. हे मला ठाऊक नव्हतं. मी अजून जोडव्यापाशीच अडकलेली.

"आत्या, नियम असा आहे की मागायचा हक्क झाला की उत्पन्न झालं. पण आपण मागणारच नसू, तर हक्क झाला का?"

मी म्हटलं, तुला काय वाटतं?

"नाही झाला. पण मग दुकान राहत नाही."

हे ती अगदी सरळ बोलली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. मला आईची आठवण आली, का ते सांगता येणार नाही.

२९ मार्च

यवतमाळ. मयूरीने दोन कागद पाठवले आहेत. एकात तेरव्या धरलेल्या, नफा छान. दुसऱ्यात धरलेल्या नाहीत, उलट त्या सतरंज्यांची धुलाई नि टेम्पो दुकानाच्या खर्चात, नफा चिमूटभर. खाली लिहिलंय, 'यातला खरा कोणता ते तुम्ही दोघं सांगा. पहिला लिहायचा तर तेरवीचे पैसे मागावेच लागतील.'

आयुष्यभर ठरल्या वेळेला पान सोडलं. अपुरी बातमी असली तरी सोडलं. हे पान अडलंय.

अरुणचा फोन: "शेठ थांबाले तयार नाही, परवा टेम्पो घेऊन येऊन राह्यला. तुहं काय म्हणणं हाये?"

म्हटलं, परवा येते. पेन घेऊन येते.

३१ मार्च

पोचले तेव्हा शेठ आलेलेच होते. खुर्चीत बसून लिंबूसरबत पीत होते. सभ्य माणूस. भाव पाडून मागत नव्हते, आबांचं नाव ऐकून होते. कागद तयार. माझी नि अरुणची सही तेवढी बाकी.

"माल एकडाव नजरेखालून घालतो," म्हणून उठले, नि गोदामाच्या दारात थबकले. मांडवाचे पाईप होते, कढया होत्या. सतरंज्यांची मांडणी मोकळी. मोठे गंजही नव्हते.

मयूरी सांगत होती, काल दुपारी पेठेतले एक गुरुजी वारले. त्यांच्याकडचे आले, तिने दार उघडून दिलं. आधी सतरंज्या, मागून टेम्पोत गंज. बापाला संध्याकाळी सांगितलं.

शेठ हसले. "पोरी, आज सौदा अन् काल माल बाहेर?"

शेठ अरुणकडे वळले. "किती भाडं ठरलं? कधी येईन माल वापस?"

अरुण दाराच्या कडीशी चाळा करत उभा होता. माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"शेठ," तो म्हणाला, "ते आम्ही इचारत नसतो."

शेठनी उरलेलं सरबत संपवलं, कागदांची घडी करून खिशात ठेवली. तेरवी झाली की फोन करतो, म्हणाले. अरुण हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. शेठचा टेम्पो वळवायला मात्र बाहेर गेला, "येऊ द्या, येऊ द्या, अजून जागा हाये" करत.