उभा गणपती, आडवी खिडकी

आई, परवा तुझी पणती मान वाकडी करून बसलेली दिसली आणि मला तूच दिसलीस. म्हणून हे लिहायला घेतलंय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दुसरीत शाळा सुटली ती सुटली, जोडाक्षर आलं की अजून पेन अडखळतं. पण तुला तर तेवढंही वाचता यायचं नाही, त्यामुळे माझ्या चुका काढणारं कोणी नाही हे एक बरं. तू गेलीस तेव्हा पेणला आपल्या अख्ख्या आळीत टीव्ही एकच होता, आणि मी तुला कॉम्प्युटरचं सांगायला बसलेय. हसशील. हस बाई, मी पण हसतच होते परवापर्यंत.

आधी पोरीचं सांगते. माझ्या मुलाची मुलगी. मुलगा डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे, कधी रात्रीची शिफ्ट, कधी दिवसाची, म्हणून पोर माझ्याच हाताखाली वाढली, इथे रोह्याला. नाक तुझं, बोटं तुझी, बोलणं मात्र आपल्यातल्या कोणाचंच नाही. विचारलं तर बोलते, नाहीतर गप्प. माझ्या घरात असं गप्प माणूस जन्माला आलंच कसं, असं शेजारीण म्हणते, आणि मी म्हणते, अगो, मी तिच्या वाटणीचं पण बोलून टाकते ना. तर ही पोर आता काय करते, सांगू? गणपती करते! कॉम्प्युटरवर. बोटाला माती न लागता. सोंड, कान, मुकुट, बाजूबंद, सगळं त्या काचेत घडवते, मूर्ती गरागरा फिरवून पाठ-पोट बघते, मग ते मशीनवर कोरून घेतात आणि त्यावरून साचा निघतो. पेणच्या एका कारखान्याने तिला पहिलं काम दिलं, उभ्या गणपतीचं. तो पसंत पडला तर पुढचं सगळं काम तिलाच, नाही पडला तर नमस्कार. आई, तू ज्या गावात जन्मभर दुसऱ्याच्या साच्यातल्या मूर्तींना हात जोडत बसलीस, तिथे तुझ्या पणतीचा साचा लागणार! मी काय गप्प बसतेय? मासळीवालीला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, बँकेत खिडकीतल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, आजी, आधी सही करा.

इतके दिवस मैत्रिणीचा लॅपटॉप आणून चालवत होती. आता स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचा ठरला, तर मी म्हटलं पेणलाच घ्यायचा, माझ्या माहेरी. रोह्याला काय दुकानं नाहीत? आहेत. पण मला मिरवायचं होतं. गाडीत निडीपर्यंत मी बोलत होते, नागोठण्यापर्यंत बोलत होते, पुढे एका बाईने मला वालाच्या शेंगा कशा भरल्या नाहीत यंदा ते सांगितलं, मग तिच्याशी बोलत होते. पोर खिडकीतून बाहेर बघत बसली होती. तिने सगळं आधी बघून ठेवलं असणार, कुठला घ्यायचा ते. हे मला आता सुचतंय.

दुकानदार तरणा होता, गोड बोलायचा. म्हणाला, "आजी, दोन तऱ्हा आहेत. हा ऑल-इन-वन. सगळं ह्या मॉनिटरच्या पाठीतच असतं, एक वायर लावली की झालं. जागा कमी, पसारा नाही. आणि हा दुसरा, मॉनिटर वेगळा, सीपीयूचा डबा वेगळा. मॉनिटर बिघडला तर तेवढाच बदलायचा, आतलं काही वाढवायचं तर डबा उघडायचा. आणि हे बघा," म्हणत त्याने तो मॉनिटर दांडीवर वर नेला, खाली आणला, आणि पत्त्याचं पान फिरवावं तसा आडव्याचा उभा केला. पोर एक पाऊल पुढे झाली. आई, हे मला दिसलं होतं. तिने स्वतः हात लावून तो परत आडवा केला, परत उभा केला. ती काही बोलणार होती. आणि मी मोठ्याने म्हटलं, "अगो बाय बाय, हा तर नंदीबैल! विचारा रे कोणीतरी, पाऊस पडेल काय, लगीन जमेल काय, मान हलवून सांगेल!" दुकानातली सगळी माणसं हसली. मग काय, मला चेव. म्हटलं, "आणि डोकं टेबलावर नि पोट टेबलाखाली? आमच्यात असलं खंडित घरात ठेवत नाय. लादी पुसताना त्या पोटात पाणी गेलं म्हणजे?" दुकानदार म्हणाला, "आजी, तुम्ही रोज येत जा, माझी गिऱ्हाइकं वाढतील." मी आणखी फुलले. ऑल-इन-वन खरंच देखणा होता गो, पातळ, पांढरा, काच आरशासारखी, मला माझं कुंकू दिसत होतं त्यात. पोरीला विचारलं, "काय गो, तुला कुठला?" आणि तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "हाच ना?" तिने त्या फिरत्या मॉनिटरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "चालेल आजी. हाच घेऊ." पैसे तिचे, तोंड माझं.

तुझ्या हाताखाली वाढलेल्या मुलीने हे करावं. तू कामाला होतीस त्या गणपतीच्या कारखान्यातला तो दिवस तुझ्या लक्षात नसेल, माझ्या आहे. मी तुझा डबा घेऊन आलेय. तू भिंतीला टेकून बसलीस, मांडीपुढे पाट, पाटावर बिनहाताचा गणपती, आणि तू ओल्या मातीने त्याला हात जोडतेयस. एक बाई आपल्या घरचा पाट घेऊन मूर्ती ठरवायला आलीय. दोन मूर्तींपुढे उभी, एक गुलाबी पितांबराची, एक साधी, पिवळी. ती कधीची बघतेय, इकडून तिकडून, आणि कारखान्यात कोणी चकार शब्द काढत नाही. मी उड्या मारत तिच्याजवळ जाते, म्हणते, हाच घ्या, गुलाबी, ह्याचे डोळे बघा कसे! बाई हसते नि गुलाबी सांगून जाते. जाताना मात्र वळून पिवळ्याकडे बघते. तू हात पुसलेस, मला जवळ ओढलंस आणि म्हणालीस, "ज्याच्या घरात बसायचाय त्यानं निवडायचा. तेवढा वेळ आपल्या तोंडात माती हाय असं समजायचं." मी रडले. घरी जाताना तू पदराखालून एक मातीचा हात काढून दिलास, जास्तीचा, आशीर्वादाचा. मी तो माझ्या चिंध्यांच्या बाहुलीला बांधला. तीन हातांची बाहुली सगळ्या आळीत माझीच. बाहुली कधीच गेली, तुझं बोलणं राहिलं, असं मी लोकांना सांगते. कुठलं राहिलं!

घरी कॉम्प्युटर आला. मी त्याला हळदकुंकू लावलं, पोर म्हणाली, आजी, काचेला नको, पायाला लाव. शेजारणींना बोलावलं, पोह्याचे पापड तळले, आणि प्रत्येकीला सांगितलं की मी निवडला. "बघा, एक वायर! सगळं एका अंगात!" पोर आतून चहा घेऊन यायची. कोणी तिला विचारलं तर ती पण म्हणायची, "आजीनं निवडला." मला वाटायचं केवढं कौतुकाने सांगते.

मग ती वाकायला लागली. टेबलावर तो कॉम्प्युटर बसका, त्याची मान काही वर होत नाही, फार तर थोडा मागे कलतो, आणि ती नाक काचेला लावून, एका कुशीला डोकं टाकून तासन्‌तास. मी येता-जाता ओरडायची, ताठ बस गो, पोक येईल. खोबरेल कोमट करून मान चोळून द्यायची. ती डोळे मिटून म्हणायची, बरं वाटतंय. तुझी मान पण मी अशीच चोळायची, चुलीपुढे, तू वाल सोलत असायचीस तेव्हा. शेवटी शेवटी तुझी मान वर व्हायचीच नाही. कौलात पाल आहे म्हटलं तर तू मला विचारायचीस, कुठे गो? संकष्टीला चंद्र बघायला तुला अंगणात आडवं पडावं लागायचं. पाठ टेकून म्हणायचीस, आता दिसला लबाड. आम्ही पोरं पण तुझ्याबरोबर आडवी पडायचो, आम्हाला तो खेळ वाटायचा.

परवा मी भजनाला निघाले, देवळाच्या कोपऱ्यावर लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. परत आले तर काय, माझा ऑल-इन-वन टेबलावर कुशीवर पडलेला! खाली गणपतीचे दोन्ही पाट, मागे टेकू तांदळाच्या डब्याचा, कॉम्प्युटरचा पाय टेबलाबाहेर लोंबतोय, आणि पोर मान वाकडी करून, एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने काम करतेय.

"पाडलास काय गो?"

ती दचकली. "नाय आजी. चालू हाय, घाबरू नको."

"मग झोपवलास कशाला त्याला? ताप आलाय काय?"

ती हसली. मी, नवल म्हणजे, पुढे तोंड घातलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "आजी, उभा गणपती हाय ना. तो ह्या आडव्या खिडकीत मावत नाय. मुकुट बघायला गेलं की पाय जातात. लहान केला तर मावतो, पण मग नक्षी दिसत नाय. म्हणून तू भजनाला गेलीस की मी असा उभा करून घेते." मला दुकानातला तो नंदीबैल दिसला, आडव्याचा उभा होणारा, आणि त्याला हात लावून उभी असलेली ही. "मग तेव्हा बोलली का नाय गो?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू एवढी खूश होतीस ना."

आई, मला कोणी एवढ्या जोरात कधी मारलेलं नाही. माझ्या खुशीला जागा करून द्यायला ती पोर अंग चोरून बसत होती, आणि माझी चाहूल लागायच्या आत पाट, डबा जागच्या जागी ठेवत होती. पोळ्यांना मी पीठ मळत होते नि मला माझाच आवाज ऐकू येत होता. नंदीबैल. खंडित. सगळे हसले होते. ती पण हसली होती, मला वाईट वाटू नये म्हणून.

काल पापड आणायला जाते सांगून एकटीच पेणला गेले. गाडीत कोणाशी बोलले नाही, शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाय काय? दुकानात पाय ठेवला तर तो तरणा म्हणतो, "या आजी! काय, नंदीबैल न्यायला आलात?" त्याला थट्टाच करायची होती. मला मात्र उभ्या जागी भुईत जावंसं वाटलं. म्हटलं, "व्हय बाबा, तोच पायजे. हा घे परत नि तो दे." तो म्हणाला, वापरलेला परत होत नाही. मी तिथेच स्टुलावर बसले. त्याला दया आली असेल. म्हणाला, "आजी, बदलायचा कशाला? तुमच्या ऑल-इन-वनला मागे जागा आहे, त्याला एक वेगळा मॉनिटर जोडता येतो. दोन्ही चालतील, शेजारी शेजारी." मी म्हटलं, "मान फिरवणारा दे. वर-खाली होणारा." त्याने मला दोन मॉनिटर दाखवले आणि ह्या वेळी मी विचारून घेतलं सगळं, उभा केल्यावर चित्र पण उभं होतं का, दांडी किती वर जाते, वायर कुठली. मग मीच नको म्हणाले आणि पोरीला फोन लावून त्याच्या हातात दिला. म्हटलं, "हिला विचार. ज्याला बसायचंय त्याला." ती काय बोलली मला माहीत नाही, मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

मुलगा डोलवीहून सुटल्यावर पेणला वळून खोका घेऊन आला. पोरीने तो टेबलावर जोडला, दांडी वर नेली, मॉनिटर उभा केला. आणि गणपती आला, आई, मुकुटापासून अंगठ्यापर्यंत एका दमात. ती ताठ बसली होती. तिची मान मागून किती लांब आहे ते मला काल कळलं. मग मागे न बघता तिने विचारलं, "आजी, तुला कसं सुचलं गो हे?"

आता बघ, इथे म्हणायचं होतं. दोन शब्द होते. आणि मी म्हटलं, "सुचायचं काय त्यात? त्या दुकानदाराला चांगला झापला मी. म्हटलं, तुझं चुकलं, पोरीला नीट दाखवायला नको काय?" त्या बिचाऱ्याने तर फिरवून फिरवून दाखवलं होतं. पोरीने कामावरचा हात काढला नाही. बाजूचा ऑल-इन-वन अजून बंदच होता, त्याच्या त्या आरशासारख्या काचेत तिचं तोंड दिसत होतं. ती हसत होती. म्हणाली, "व्हय आजी. त्याचंच चुकलं."

तिला कळलंय. तिला कळलंय हे मलाही कळलंय. दुकानात तोंडात ठेवायची होती ती माती आता तोंडात आलीय, नको तेव्हा. आज सकाळपासून मी तीनदा चहा नेऊन ठेवला तिच्यापुढे, आणि तीनदा तशीच परत आले. तू वाचू शकत नाहीस, पत्र तुझ्यापर्यंत जाणार नाही, म्हणून तर इथे सगळं घडाघडा लिहिता आलं. पण आई, खरं सांगू? ती भिंतीपलीकडेच बसलीय. हाक मारली तर ऐकू जाईल, आणि मी तुला लिहीत बसलेय.