खाली म्हणजे

आई, तुझं वरण मोरीत ओतून देणारा तो मऊरानीपुरचा पोरगा आज सकाळपासून माझ्याशी धड बोलत नाही. लहानपणी शिकायला मामाकडे, झाशीत आपल्या शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा तो. तू पोळ्या लाटतेस, मी ओट्याशी बसून उपड्या डब्यावर तीनताल वाजवतोय, आणि तू त्याला सांगतेस, "ते वरणाचं पातेलं जरा खाली ठेव रे." त्याला "ठेव" कळत नाही, "खाली" कळतं. तो पातेलं उचलतो, मोरीत रिकामं करतो आणि मोठ्या शहाणपणानं परत येतो. "खाली कर दिया, चाची." मी हसून लोळलो, तर लाटणं मलाच दाखवलंस. "दात काढू नकोस. आपली बोली त्याला कोण शिकवणार, तुझा बाप?" मग आपण तिघांनी तूप-मीठ घालून भात खाल्ला आणि त्याला दोनदा वाढलंस.

त्याच दुपारी मलाही धरलंस. तालात खालीची जागा आली की मी दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचो. डोकं शाळेतल्या हिंदीवर चालायचं, खाली म्हणजे रिकामं. तू माझा उजवा हात पकडून परत डब्यावर ठेवलास. "खाली म्हणजे सुटी नव्हे. डाव्याचा घुमारा तेवढा काढून घ्यायचा, उजवा चालूच राहिला पाहिजे." मोहल्ल्यातल्या मुलींना तबला शिकवताना तुझा आवाज किती मऊ असायचा, मला मात्र कधी तसं शिकवलं नाहीस. असो. तू गेलीस, दहावीनंतर शाळा सुटली, मी इटारसीला ढाब्यावर राहिलो, गोव्यात खुर्च्या मांडल्या, एका सर्कसच्या बँडमध्येही टिकलो नाही. तिथला ट्रंपेटवाला झोपेत सूर धरायचा, पण ते वेगळंच आहे.

या मऊरानीपुरच्या पोरानं बोलावलं म्हणून झाशीला परत आलो. आता आम्ही पाच जण आहोत. तो ढोलक वाजवतो, गुरसरायचे दोघे भाऊ नगडिया म्हणजे छोटे नगारे, पुण्याहून आलेली एक बाई ड्रम, आणि मी तुझा तबला. स्टेशनावर पूर्वी घंटा म्हणून टांगायचे तसा रुळाचा एक तुकडाही आहे, तो ज्याचा हात मोकळा असेल तो वाजवतो. गाणं नाही, पेटी नाही. रचना आम्हीच करतो, भांडून करतो. लक्ष्मी गेटजवळ भांड्यांच्या दुकानावर खोली घेतली आहे. खालचा दुकानदार अजून विचारतो, "वो सब तो ठीक है भैया, पर गाना कौन गाएगा?"

काल रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. भोपाळच्या महोत्सवाच्या बाई पहिल्या रांगेत बसून होत्या, आम्हाला बोलवायचं की नाही ते ठरवायला. यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "आज नईं जमो, तो हम मऊरानीपुर की मंडी में कक्का की गद्दी पे बैठ जैहें. फिर मत बुलइयो." तो गेला की नगडियावाले जाणार, ते त्याच्याच भरवशावर आलेत. मग उरतं काय? खुणा आम्ही हातानं करतो. पण काल दिवे असे तोंडावर मारले होते की कुणाला माझा हात दिसेना. सगळे भरधाव सुटलेले, आवाज उतरवायची जागा जवळ आलेली, माझ्या मानेवरून घाम ओघळतोय. शेवटी मी ओरडलो, "खाली!"

ढोलक थांबला. नगडिया थांबल्या. एकदम, दार आपटावं तशा. पुण्याच्या बाईंनी खाली म्हणजे खाली ऐकलं, त्या सगळ्यांत मोठ्या ड्रमवर उतरून अगदी हळू वाजवू लागल्या. आणि माझा डावा हात आपोआप उचलला गेला, उजवा चालू राहिला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तबल्याच्या शाईवरचं माझं एक बोट आणि तळाशी तो ड्रम, मध्ये काहीच नाही. कुणीतरी खोकलं. याचा चेहरा पांढरा पडलेला, मला डोळ्यांनी विचारतोय, मेलो का आपण? परत कसं यायचं ते ठरलंच नव्हतं. मी मान हलवली, त्याला दिसली नाही. मग त्यानं घाबरून, भलत्याच जागी, एक थाप मारली आणि आम्ही चौघांनी बुडणाऱ्यासारखी ती धरली.

पडदा पडल्यावर महोत्सवाच्या बाई धावत आत आल्या. "वो जो सन्नाटा था, वही चाहिए मुझे. किसने सोचा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी याच्याकडे बोट केलं. बाईंनी त्याचे हात हातात घेतले, आणि त्या बाहेर गेल्यावर त्यानं ढोलकाला कव्हर चढवायला घेतलं. "गलती हती हमाई, तो गलती कहते. अहसान काए कर रए?"

आज सकाळी सगळे खोलीवर आले, तोही आला, कपड्यांची पिशवी घेऊन. ती शांतता पुन्हा वाजवून बघितली. थांबायच्या जागी थांबलो, उतरायच्या जागी उतरलो, आणि नुसतं कुणीतरी वाजवायचं विसरल्यासारखं वाटलं. परत केलं. त्याहून वाईट. धाकटा नगडियावाला म्हणाला, "जे तो मरी पड़ी है." पुण्याच्या बाई म्हणाल्या, "आपण वाट बघतोय ना तिची, म्हणून." दुकानदाराच्या पोरानं जिन्यात घमेलं पाडलं आणि आम्ही पाचही जण दचकलो.

त्यानं पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेला. तिथे उभा राहून पायानं चप्पल चाचपत होता, बराच वेळ. मग पाठमोराच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बतइयो मत, कहाँ बोलेगा." मला आधी कळलंच नाही. "भोपाल में. कहाँ बोलेगा 'खाली', हमें मत बतइयो. काऊ को मत बतइयो." आणि आत येऊन ढोलकाचं कव्हर काढलं. ते काढतानाही माझ्याशी बोलला नाही. अजून बोलत नाही. समोर बसून दोऱ्या ताणतोय, आणि मी रचनेची मांडणी करतोय असं दाखवत हे लिहितोय.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. सकाळी खोलीवर यायच्या आधी मी स्टेशनावर गेलो होतो, गाडीची चौकशी करायला. मऊरानीपुरच्या गाडीची नाही, आई. परत गोव्याच्या.